हळद वसमतची, ज्ञान कोणाचे?

विद्यापीठांनी उद्योगांशी हातमिळवणी करावी आणि प्रयोगशाळेतले ज्ञान बाजारात आणावे, हा मंत्र गेली अनेक वर्षे दिल्लीपासून मुंबईपर्यंतचे सारे सत्ताधारी पक्षभेद विसरून जपत आले आहेत. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने नवोपक्रम, नवसंशोधन आणि साहचर्य यांसाठी विद्यापीठांत स्वतंत्र संचालकाची तरतूद केली. २०२३ साली संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे राहतील आणि त्यांतील सुमारे ३६ हजार कोटी बिगरसरकारी स्रोतांतून येतील, असे त्या वेळी सांगण्यात आले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी एक पाऊल टाकले. खासगी क्षेत्राने संशोधन करावे म्हणून १ लाख कोटी रुपयांची योजना मंजूर झाली आणि तिच्यातून कमी व्याजाने किंवा बिनव्याजी, दीर्घ मुदतीची कर्जे देण्याचे ठरले. खासगी भांडवलाने आपणहून पैसा घालावा ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याच भांडवलाला पैसा घालण्यासाठी सरकारी पैसा द्यावा लागत आहे. देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नापैकी जेमतेम ०.६४ टक्के रक्कम संशोधनावर खर्च होते आणि तिचाही मोठा भार सरकारच उचलते. असे असताना या पैशातून निपजणाऱ्या ज्ञानाची मालकी कोणाकडे राहणार, हा प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार करदात्या जनतेचा आहे.

हा प्रश्न दिल्लीच्या परिसंवादांत सुटणार नाही. तो हिंगोलीसारख्या जिल्ह्यात विचारला पाहिजे, कारण तेथे तो उघडा पडतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा उद्योगांच्या नकाशावर जवळपास नाहीच. मात्र सार्वजनिक पैशाच्या विज्ञानाचे दोन मोठे प्रकल्प आज याच जिल्ह्याच्या वाट्याला आले आहेत.

दोन प्रकल्प, दोन रीती

पहिला प्रकल्प औंढा नागनाथ तालुक्यातील लायगो. विश्वातील प्रचंड घडामोडींतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही वेधशाळा. २०१६ मध्ये तिला तत्त्वतः संमती मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. उपाशी जिल्ह्यात आकाशाचे विज्ञान कशाला, असा सवाल काही जण करतात. तो चुकीचा आहे. अशा वेधशाळेत सापडणारे सत्य जगासमोर प्रसिद्ध होते. गुरुत्वीय लहरींवर कोणी पेटंट घेत नाही आणि ते ज्ञान वापरण्यासाठी कोणाला दाम मोजावा लागत नाही. लायगोबद्दल विचारायचे ते एवढेच, की पोलाद, निर्वात नळ्या, विद्युतयंत्रणा आणि देखभाल यांची जी कामे पुढील काळात निघतील, त्यांतील किती कामे हिंगोली, नांदेड, परभणीच्या छोट्या कारखान्यांना आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना मिळतील? की त्यांच्या वाट्याला केवळ पहारेकऱ्याची आणि खड्डे खणण्याची कामे येतील?

दुसरा प्रकल्प वसमतचा. तेथे बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हरिद्रा म्हणजे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारण्यास राज्य सरकारने २०२२ साली मंजुरी दिली आणि त्यासाठी १०० कोटी रुपयांची तरतूद मान्य केली. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. या केंद्राचे स्वागतच केले पाहिजे. परंतु लायगोच्या लहरींना गिऱ्हाईक नसते, हळदीला असते. म्हणूनच लायगोबाबत जो प्रश्न उद्भवत नाही तो येथे पहिल्या दिवसापासून उद्भवतो. येथे निघणारे वाण, यंत्र, अर्क काढण्याची कृती, साठवणुकीची पद्धत ही कोणाच्या मालकीची होणार?

मिसिसिपीचा धडा

हळदीच्या बाबतीत हा प्रश्न काल्पनिक मुळीच नाही. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना, जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग करण्याबद्दल पेटंट देण्यात आले. खरचटलेल्या गुडघ्यावर हळद दाबणारी मराठवाड्यातील प्रत्येक आजी त्या दिवसापासून अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याच्या मालकीचे ज्ञान वापरू लागली. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिले, जुन्या ग्रंथांचे आणि नियतकालिकांचे ३२ दाखले पुढे ठेवले, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते आणि देशभर या विजयाचे योग्य कौतुक झाले.

कौतुक झाले, पण धडा अर्धाच घेतला गेला. ते पेटंट कोणा नफेखोर कंपनीने नव्हे, एका सरकारी विद्यापीठाने घेतले होते. विद्यापीठाला ही बुद्धी कोठून झाली? तिचे मूळ १९८० च्या एका अमेरिकी कायद्यात आहे. बाय आणि डोल या दोन सिनेटरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कायद्याने सरकारी पैशाने झालेल्या संशोधनावर विद्यापीठांना आणि लघुउद्योगांना स्वतः पेटंट घेण्याची मुभा दिली. समर्थन असे होते की सरकारकडे सुमारे २८ हजार पेटंटे पडून आहेत, त्यांतील ५ टक्केसुद्धा वापरात नाहीत. ती छोट्या उद्योगांच्या हाती गेली तर समाजाला उपयोग होईल. युक्तिवाद ऐकायला गोड होता. पण तीन वर्षेही उलटली नाहीत तोच, १९८३ मध्ये, अध्यक्ष रेगन यांनी एका आदेशाने हीच सवलत बड्या कंपन्यांनाही खुली केली. लघुउद्योगाचे नाव दारावर लावून दार उघडले आणि आत शिरले ते हत्ती. जनहितासाठी सरकारने हस्तक्षेप करून परवाना दुसऱ्याला देण्याचा अधिकार त्या कायद्यात होता. २०२० पर्यंतच्या चाळीस वर्षांत तो एकदाही वापरला गेला नाही.

मिसिसिपीचे पेटंट रद्द करून घेणाऱ्या देशाने या कायद्यापासून चार हात दूर राहावयास हवे होते. झाले उलटेच. डिसेंबर २००८ मध्ये त्याच धर्तीचे विधेयक भारताच्या राज्यसभेत मांडण्यात आले. त्याचा कायदा झाला नाही, हे देशाचे सुदैव. पण विधेयक मागे पडले तरी त्यामागील विचार मागे पडलेला नाही. आज तो कायद्याच्या दाराने न येता योजनांच्या, सामंजस्य करारांच्या आणि उद्भवन केंद्रांच्या खिडकीतून येत आहे.

‘लघु’ म्हणजे किती लघु?

लघुउद्योगाचे नाव पुढे करण्याची ही युक्ती ओळखण्यास कठीण नाही. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने उद्योगांच्या व्याख्या बदलल्या. आता वर्षाला १०० कोटी रुपयांची उलाढाल असलेला उद्योग ‘लघु’ ठरतो आणि ५०० कोटींची उलाढाल करणारा ‘मध्यम’. हे सारे सूक्ष्म, लघु व मध्यम या एकाच छत्रीखाली उभे असतात. वसमत किंवा कळमनुरीच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचे यंत्र घेऊन दोन-चार कामगारांसह बसलेला कारागीर आणि शंभर कोटींचा धनी यांना एकाच रांगेत उभे करून मदत वाटली, तर ती कोणाच्या हाती पडेल हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

आणि तरीही हळदीच्या धंद्यात खरे यंत्रसंशोधन त्या पत्र्याच्या शेडमध्येच झाले आहे. पूर्वी हळद मोठ्या काहिलीत पाणी घालून, लाकूडफाटा जाळून तासन् तास उकळली जाई. वर शिजे, तळाशी गळे. सरपण अफाट लागे. आज वाफेवर हळद शिजवणारे, ट्रॅक्टरमागे शेतात नेता येणारे संच सर्रास दिसतात. ते ठिकठिकाणच्या छोट्या कारखान्यांतून घडत, सुधारत, एकाचे पाहून दुसऱ्याने उचलत गावोगाव पसरले. त्याला पेटंटची गरज भासली नाही आणि भांडवलदाराचीही नाही. गरज होती ती विद्यापीठाची, आणि विद्यापीठ तेथे पुरेसे पोचले नाही. दाब सोसणाऱ्या भांड्याचा पत्रा किती जाड असावा, सुरक्षा झडप कोणत्या दाबाला उघडावी, किती मिनिटे वाफ दिली म्हणजे हळकुंड एकसारखे शिजते आणि त्यातील कुर्क्युमिन टिकते, निम्म्या सरपणात काम कसे भागेल, या प्रश्नांची उत्तरे एकट्या कारागिराला मिळत नाहीत. ती अभियांत्रिकीच्या आणि अन्नतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत मिळतात. वाफेच्या भांड्याशेजारी मजूर उभे असतात. तेथे अज्ञानाची किंमत जिवाने मोजावी लागते. विद्यापीठ आणि लघुउद्योग यांच्या सहकार्याचा अर्थ हिंगोलीत लावायचा तो असा.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५२ च्या पचमढी अधिवेशनात छोट्या यंत्राचा आग्रह धरला, तेव्हा अनेकांनी त्याला चरख्याची नवी आवृत्ती म्हणून हसून घेतले. लोहियांचा मुद्दा निराळा होता. ज्या देशात माणसे भरपूर आणि भांडवल तुटपुंजे, त्या देशाने युरोप-अमेरिकेची यंत्रे उचलून आणली तर मूठभरांच्या हाती यंत्र आणि कोट्यवधींच्या हाती रिकामपण येईल. म्हणून थोड्या भांडवलात, विजेवर चालणारे, कारागिराच्या आवाक्यातले यंत्र शोधणे हे विज्ञानाचेच काम आहे. वाफेचा संच हे तसे यंत्र आहे. ते जनतेने शोधून दाखवले. शासनाच्या संशोधनसंस्थांनी आता निदान त्याच्या मागून तरी चालावे.

फसलेले आणि साधलेले

सार्वजनिक संशोधन बाजारात गेले की काय होते, याचे दाखले शोधण्यास दूर जावे लागत नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. त्याच्या नांदेड येथील केंद्राने दिलेले नांदेड-४४ हे संकरित कापूसवाण मराठवाड्यात आणि विदर्भात कोरडवाहू शेतकऱ्यांनी डोक्यावर घेतले होते. २००२ साली बीटी कापूस आला. त्यातील जनुक-तंत्र एका परदेशी कंपनीच्या मुठीत होते. तिचे परवाने घेतलेल्या खासगी कंपन्यांच्या पाकिटांनी बाजार भरला आणि बीटी नसलेले सार्वजनिक वाण शेतातून हद्दपार झाले. विद्यापीठाने सरकारी मालकीच्या महाबीजबरोबर करार करून नांदेड-४४ बीटी रूपात परत आणले, तोवर दीड दशक निघून गेले होते. वाण जनतेचे, पण त्यात बसवायचा एक तुकडा खासगी मालकीचा असला, तर सारे वाण त्या तुकड्याच्या दावणीला बांधले जाते, हा त्याचा बोध. उलट याच विद्यापीठाचे एमएयूएस-७१ सारखे सोयाबीनचे सरळ वाण शेतकरी स्वतःच्या घरचे बी राखून पेरू शकतो, आणि २००१ च्या कायद्याने त्याला तो हक्कही दिला आहे. तेथे ज्ञान पसरते आणि फुकट पसरते.

स्वराज ट्रॅक्टरची कथा याहून बोलकी. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने देशी ट्रॅक्टर तयार केला. तो बनवण्यासाठी १९७० मध्ये पंजाब सरकारच्या पुढाकाराने कंपनी निघाली, १९७४ मध्ये ट्रॅक्टर बाजारात आला, आणि परदेशी आराखड्याशिवाय भारतीय अभियंते ट्रॅक्टर बनवू शकतात हे सिद्ध झाले. पुढे सरकारने आपला हिस्सा विकला आणि २००७ मध्ये कंपनी महिंद्रांच्या ताब्यात गेली. संशोधन जनतेचे, धोका जनतेचा, उमेदवारीची वर्षे जनतेची. पीक तयार झाल्यावर मालक बदलला. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे.

दुसऱ्या बाजूला अमूल आहे. म्हशीच्या दुधापासून बालान्न करता येणार नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेने ती कृती शोधली आणि ती खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांच्या सहकारी संघाने वापरली. सरकारी प्रयोगशाळा एका बाजूला, दोन-दोन म्हशींचे हजारो मालक दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कोणी मक्तेदार नाही. छोटे एकत्र आले म्हणजे छोटे राहत नाहीत, आणि ज्ञान त्यांच्यापाशी गेले म्हणजे जनतेपासून दूर जात नाही.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप बाजारवाद्यांचा. ते म्हणतात, एकाच कंपनीला अनन्य हक्क दिला नाही तर गुंतवणूक कोण करील? ज्याने संशोधनाचा खर्च स्वतः केला त्याने हा प्रश्न विचारावा. येथे प्रयोगशाळा, पगार, उपकरणे आणि आता कर्जही जनतेचे आहे. धोका जनतेने घ्यायचा आणि हक्क मात्र एकट्याने, याला गुंतवणूक म्हणत नाहीत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. वाफेचा संच, सोयाबीनचे वाण, अमूलचे बालान्न यांपैकी कशालाही एका मालकाची मक्तेदारी लागली नाही.

दुसरा आक्षेप समाजवादी चळवळीच्या आतूनच येतो. विद्यापीठाने धंद्याला शिवूच नये, खासगी मालकाशी करार म्हणजे विद्यापीठाचा विक्रय, असे काही प्रामाणिक कार्यकर्ते मानतात. त्यांची भीती खोटी नाही. भूमिका मात्र अपुरी आहे. स्वतः राबणारा कारागीर, शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी, बचतगटाच्या स्त्रिया यांना मक्तेदार भांडवलाच्या पंक्तीत बसवणे हा विचारांचा आळस आहे. विद्यापीठाने त्यांच्याकडे पाठ फिरवली तर विद्यापीठ शुद्ध राहत नाही, केवळ निरुपयोगी राहते. आणि निरुपयोगी झालेले सार्वजनिक विद्यापीठ मोडीत काढणे सत्ताधाऱ्यांना सोपे जाते. महाराष्ट्रातील सरकारी विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर माणसे राबवण्याचा प्रकार वर्षानुवर्षे चालू आहे. पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो तीन हंगामांचा प्रयोग कसा हाती घेणार? कायम संशोधक नेमायचे नाहीत आणि नवोपक्रमाच्या पाट्या तेवढ्या लावायच्या, हे पी हळद आणि हो गोरी अशातले झाले.

मागण्या कोणत्या?

वसमतचे केंद्र अजून घडत आहे, म्हणूनच बोलण्याची वेळ आता आहे. आज हिंगोलीची हळद हळकुंडाच्या रूपात पोत्यांतून बाहेर जाते. अर्क काढणारे बडे कारखाने केरळात आहेत, राष्ट्रीय हळद मंडळाचे मुख्यालय निजामाबादला आहे. उद्या वसमतच्या प्रयोगशाळेतील कृतीही करारपत्रातून बाहेर गेली, तर जिल्ह्यापाशी इमारत उरेल आणि भूमिपूजनाची कोनशिला. ते टाळायचे तर पुढील मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे.

पहिली : सरकारी पैशाने निघालेल्या कोणत्याही वाणाचा, यंत्राचा वा कृतीचा अनन्य परवाना कोणालाही देऊ नये. शेतकऱ्यांच्या संस्था, बचतगट आणि सूक्ष्म उद्योग यांना तो विनामूल्य द्यावा. बड्यांकडून दाम घ्यावा आणि तो संशोधनाकडेच वळवावा.

दुसरी : परवाना घेतलेला उद्योग मोठ्या कंपनीने विकत घेतला, तर परवाना आपोआप केंद्राकडे परत यावा. स्वराजच्या वेळी अशी अट नव्हती. ती आता हवी.

तिसरी : प्रत्येक करार सही होण्यापूर्वी जाहीर करावा आणि प्रत्येक प्रयोगाचा निष्कर्ष, फसलेल्या प्रयोगाचासुद्धा, सुबोध मराठीत प्रसिद्ध करावा.

चौथी : कशावर संशोधन करायचे हे ठरवणाऱ्या समितीत निम्म्या जागा हळद उत्पादक, यंत्र घडवणारे कारागीर आणि शेतमजूर स्त्रिया यांच्या असाव्यात. हळदीची काढणी, मोडणी आणि निवड यांचा भार मुख्यतः स्त्रियांवर आहे. त्यांच्या कामाचे यंत्र निघाले तर त्यांची कंबर वाचेल, पण मजुरीही जाईल. म्हणून त्या यंत्राची मालकी आधी त्यांच्या गटाकडे जावी. बियाण्याच्या गड्ड्यांचा खर्च, कंदकूज, सरपण हे त्यांचे आणि लहान शेतकऱ्यांचे प्रश्न आहेत. कुर्क्युमिनच्या गोळीआधी त्यांचा क्रम लागला पाहिजे.

पाचवी : लघुउद्योगासाठी ठेवलेल्या संशोधन-निधीतील ठरावीक हिस्सा केवळ सूक्ष्म उद्योगांसाठी राखावा, त्याचा अर्ज मराठीत आणि दोन पानांचा असावा, आणि तो भरून देण्याची जबाबदारी विद्यापीठाची असावी.

सहावी : केंद्रात संशोधकांची आणि तंत्रज्ञांची पदे कायम स्वरूपाची भरावीत.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही; जनतेच्या पैशाने झालेले जनतेचे राहावे, एवढाच साधा न्याय आहे. तथापि तो मागितल्याशिवाय मिळणार नाही. मराठवाड्याच्या जनतेला तिच्या वाट्याचे काहीही सुखासुखी मिळालेले नाही; १९७४ चे विकास आंदोलन हे त्याचे साक्षीदार आहे. तेव्हा मागणी रेल्वे, कारखाने आणि नोकऱ्यांची होती. आज ती ज्ञानाच्या मालकीचीही करावी लागेल. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हा विषय ग्रामसभांत, बाजार समितीच्या आवारात, कृषी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत आणि वेल्डिंगच्या शेडमध्ये नेला पाहिजे. केंद्राचे दरवाजे उघडण्याआधी त्याच्या किल्ल्या कोणाकडे राहतील, हे वसमतच्या हळद उत्पादकाने ठरवावे.